आधी बापाला पुरू दे

"हात वर करा," सरकीस म्हणाला आणि वाटीतला अरक बोटांवर घेऊन त्याने बापाचा डावा खांदा चोळायला घेतला. खांद्यावर तळहाताएवढा काळानिळा डाग होता, कडेने पिवळा पडत चाललेला.

"हळू. खांदा आहे तो, कणीक नाही."

"लागलं कसं?"

"अंजिराच्या झाडावरून पडलो."

"बाबा, आपलं अंजिराचं झाड दोन वर्षांपूर्वी तोडलं."

"म्हणून तर पडलो," वहबे म्हणाला.

यापुढे विचारण्यात अर्थ नव्हता. चोळून झाल्यावर वहबेने मुलाच्या हातून वाटी काढून घेतली, तळाशी उरलेल्या दारूचा वास घेतला आणि राहिलेला उपचार पोटातून केला.

"आणि त्या उम्म नस्रीला सांग, कांबळं परत दे म्हणावं. तपकिरी. तुझ्या आईचं. उशीही तिनेच नेली."

"तुझं कांबळं माझ्या कुत्र्याला घातलं असतं तर कुत्रा उठून गेला असता, वहबे!" भिंतीपलीकडून आवाज आला.

उम्म नस्री शेजारीण. तिचा मुलगा नस्री कॅनडात होता, म्हणजे बरीच वर्षं कुठेच नव्हता, पण त्याच्यावरून बाईला पडलेलं नाव तेवढं गावात राहिलं होतं. दोन घरांत एकच भिंत, आणि तीही बहुधा ऐकण्याच्या सोयीसाठी बांधलेली.

सरकीस हात धुवायला गेला. नळाला पाणी नव्हतं. त्याने ते विजारीला पुसले आणि तो खिडकीतून खालच्या सफरचंदाच्या बागांकडे पाहत उभा राहिला. येत्या गुरुवारी बैरूतहून त्याचं विमान होतं. बहीण मुंतहा सिडनीत राहायची. तिच्या नवऱ्याचं फरशा बसवण्याचं काम होतं आणि त्याला हाताखाली माणूस हवा होता. परवान्यावर लिहिलेल्या मुदतीआधी तिकडे पाय ठेवला नाही तर तो परवाना रद्द होणार होता, आणि पुन्हा मिळेल असं दूतावासातला शिपाईसुद्धा म्हणत नव्हता. हे सगळं वहबेला ठाऊक होतं. त्यावर त्याचं चार वर्षांपासून एकच उत्तर होतं: आधी मला पुर, मग जा.

अडचण अशी की वहबे ठणठणीत होता. अक्रोड दातांनी फोडायचा. जिवंत राहण्याच्या बाबतीत त्याने आजवर कधीही हयगय केली नव्हती.

आणि नेमकं या रविवारी देवळात मिस्साच्या उपासनेत बायबलमधलं ते वचन आलं. एक माणूस येशूला म्हणतो, प्रभू, आधी मला जाऊन माझ्या बापाला पुरू दे. येशू म्हणतो, मेलेल्यांना त्यांचे मेलेले पुरू दे, तू माझ्यामागे ये. तिसऱ्या बाकावर बसलेल्या सरकीसला वाटलं, चला, शेवटी कुणीतरी आपल्या बाजूने बोललं. शेजारी बसलेला वहबे खोकला. तो खोकला साधा नव्हता.

*

गावचे पाद्री अबूना शलीता देवळामागच्या पायरीवर बसून ओल्या अक्रोडांची हिरवी सालं काढत होते. त्यांची बोटं कोपरापर्यंत म्हणावीत इतकी काळी झाली होती. परवा त्याच हातांनी त्यांनी प्रसाद वाटला होता आणि लोकांनी डोळे मिटून घेतला होता.

"बस. हात लावू नकोस, डाग महिनाभर जात नाही."

"अबूना, रविवारच्या वचनाबद्दल विचारायचं होतं. मेलेल्यांना त्यांचे मेलेले पुरू दे."

"वाटलंच मला. पहिल्यांदाच जागा दिसलास."

"त्याचा खरा अर्थ काय?"

"खरा कशाला पाहिजे?"

"गुरुवारी विमान आहे."

अबूनांनी हातातला अक्रोड टोपलीत टाकला आणि दुसरा घेतला.

"हे बघ. तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं? बाप घरात मरून पडलाय, बायका ऊर बडवताहेत, आणि पोरगा रस्त्यात उभा राहून येशूशी बोलतोय. असं व्हायचं नाही. त्या उन्हात माणूस सकाळी गेला की संध्याकाळच्या आत थडग्यात ठेवायचे. त्या दिवशी बाप गेला असता तर पोरगा रस्त्यावर भेटलाच नसता."

"मग?"

"मग दोन गोष्टी असू शकतात. एक म्हणजे बाप जिवंत होता. तुझा मामा बुत्रोस ब्राझीलला का गेला नाही?"

"म्हणायचा, आधी बापाला पुरू दे."

"आणि बाप?"

"दारात बसून मुळा खात असायचा."

"तेच. त्या काळी येशूच्या मुलखात, गालिलात, असंच बोलत असणार, आपण अजून तसंच बोलतो. बापाला पुरायचंय म्हणजे बाप आहे तोवर घर सोडायचं नाही. तो माणूस येशूकडे एक दुपार मागत नव्हता रे. वीस वर्षं मागत होता."

सरकीसने मान हलवली. वीस वर्षं त्याला लगेच समजली.

"आणि दुसरी?"

"दुसरी म्हणजे बाप मेला होता, पण अर्धाच पुरला होता. मढं आधी खडकातल्या खोलीत ओट्यावर ठेवायचे. वर्षभराने नुसती हाडं उरली की थोरल्या मुलाने यायचं, ती गोळा करायची, दगडी पेटीत भरून बापजाद्यांच्या शेजारी ठेवायची. तोवर सुतक फिटत नाही आणि मुलगा मोकळा होत नाही."

"म्हणजे आपल्यासारखंच."

"आपण त्यांच्यासारखं. त्यांची पेटी, आपला कोनाडा. आता विचार कर, त्या खोलीत असतं कोण? सगळे मेलेलेच. येशू म्हणतो, हाडं हाडांचं बघून घेतील, तू चल." अबूनांनी घाम पुसला आणि कपाळावर काळा पट्टा उमटला. "काही पंडित असंही म्हणतात की येशूच्या अरामी बोलीत मूळ शब्द वेगळा होता, लिहिणारा चुकला. वचन चावायला लागलं की लिहिणारा चुकला असं म्हणणारा कुणीतरी निघतोच. आपल्या जुन्या सुरयानी पोथीत सरळ लिहिलंय. श्बूक ल्मीते, काब्रीन मीतैहून. मेलेले म्हणजे मेलेलेच."

"म्हणजे जा, असा अर्थ."

"त्याला. तो देवाच्या राज्याची बातमी सांगायला निघाला होता. तू न्हाणीघरांच्या फरशा बसवायला निघालायस. वचनात फरशांचा उल्लेख नाही."

"अबूना..."

"आणि जरा माझाही विचार कर. तू गेलास की या ऐन तूत गावात शवपेटी उचलू शकतील असे तीन बाप्ये उरतात. त्यातल्या एकाला हर्निया आहे."

"कुणाला?"

"मला."

यावर दोघांपैकी कुणी हसलं नाही. मागच्या हिवाळ्यात हन्ना सुतार गेला तेव्हा खांदे भरले नव्हते, म्हणून त्याला सफरचंदांच्या पिकअपमधून न्यावं लागलं. चढावर पेटी मागे सरकली, फाळका उघडला, आणि हन्ना बर्फावरून घसरत उलट आपल्या घराच्या दिशेने निघाला. मयतीला आलेले सगळे त्याच्यामागे धावले. पेटी त्याच्याच दाराला जाऊन थडकली आणि आतून त्याच्या बायकोने सवयीने विचारलं, कोण आहे? वहबे त्या दिवसापासून पिकअप दिसली की तोंड फिरवायचा.

सरकीस उठला. दोन पायऱ्या उतरून थांबला.

"तो माणूस शेवटी गेला का येशूबरोबर?"

"लिहिलेलं नाही," अबूना म्हणाले.

*

वहबे चुलीवर मसूर ढवळत होता. सरकीसने त्याला सगळं सांगितलं, गालिल, ओटा, दगडी पेटी, मुळा. वाद जिंकण्यासाठी आणलेलं सामान होतं ते, पण सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला. वहबेने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. हे वाईट लक्षण होतं.

"त्या बापाला कुणी विचारलं?" शेवटी तो म्हणाला.

"काय?"

"पोरगा बोलतो, येशू बोलतो, दोन हजार वर्षं पाद्री बोलतात. बाप काय म्हणाला?"

"बापाचं काही लिहिलेलं नाही, बाबा."

"नसणारच. तो घरी मसूर ढवळत असणार." त्याने पळी चाटली. "दुसरा अर्थ पुन्हा सांग. हाडांचा."

सरकीसने पुन्हा सांगितला. वहबे चुलीतल्या जाळाकडे पाहत राहिला.

"तुझी आई अजून ओट्यावर आहे."

ऐन तूतमध्ये प्रत्येक घराण्याची खडकात खोदलेली एक खोली. आत ओटा एकच. जो शेवटी आला तो ओट्यावर, आणि वर्ष उलटलं की थोरल्या मुलाने हाडं उचलून कोनाड्यात ठेवायची. आत एकट्याने जायचं, उघड्या हातांनी करायचं. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी सरकीसने बर्फाचं कारण सांगितलं, दुसऱ्या वर्षी बंद रस्त्यांचं, तिसऱ्या वर्षी साथीचं. या वर्षी त्याने कारणच सांगितलं नव्हतं. जिने आपली नखं कापली तिची बोटं मोजून उचलायची, या विचारानेच तो दरवेळी मागे फिरायचा. तो कोपऱ्यावरच्या त्या खोलीच्या लोखंडी दारासमोरून जातानासुद्धा उगाच मोबाइल बघायचा.

"उद्या तिला उचल," वहबे म्हणाला. "मग जा. कुठला अर्थ घ्यायचा तो घे, दोन्हींतून सुटशील."

"आणि तुम्ही?"

"मी पिकअपमध्ये बसणार नाही. बाकी माझं मी बघतो."

चार वर्षं ज्या शब्दासाठी भांडला तो हातात पडला होता. सरकीसला आनंद व्हायला हवा होता. त्याने मसुरात मीठ टाकलं. मीठ आधीच टाकलेलं होतं. दोघांनी ते निमूटपणे खाल्लं.

*

दुसऱ्या दिवशी वहबे टेकाडाखालच्या बांधावर काठी टेकून बसला आणि सरकीस किल्ली, विजेरी, पांढरं कापड नि अरकची बाटली घेऊन पुढे गेला. अर्धी बाटली हाडं धुवायला, अर्धी धुणाऱ्याला, असा रिवाज होता. सरकीसने स्वतःचा वाटा आधीच संपवला होता.

कुलूप लगेच उघडलं. दार मात्र हलेना. त्याने हातांनी रेटलं, मग पाय लावून रेटलं, आणि शेवटी डावा खांदा दिला. गंजलेल्या पत्र्यावर एक जागा घासून गुळगुळीत झालेली होती. खांदा आपोआप तिथेच बसला. तिसऱ्या धक्क्याला दार किंचाळत आत गेलं, आणि सरकीस त्याच्यामागोमाग.

कुजकट वास येईल म्हणून त्याने श्वास रोखला होता. पुढे सोडावाच लागला. तंबाखूचा वास येत होता.

विजेरीचा झोत ओट्यावर गेला. ओट्यावर कुणी नव्हतं. दगड झाडून लख्ख केलेला होता. उशाशी एक उशी होती, आणि तिच्यावर व्यवस्थित चौघडी घातलेलं तपकिरी कांबळं. शेजारच्या बशीत सिगारेटची थोटकं. वहबेने डॉक्टरसमोर, पाद्र्यासमोर आणि बायकोच्या शेवटच्या आजारात तिच्यासमोर सिगारेट सोडली होती, तीन वेळा.

सरकीसने झोत कोनाड्याकडे नेला. आजोबा, पणजोबा, नावं विसरलेल्या आत्या एकमेकांत मिसळून पडल्या होत्या. त्यांच्यापुढे एक गाठोडं वेगळं ठेवलेलं होतं. कापड ओळखीचं होतं. ईस्टरलाच काढायची ती भरतकामाची चादर, जिच्यावर सांडलं तर आई दिवसभर बोलायची नाही. गाठ तर त्याहून ओळखीची. सफरचंदाच्या पेट्यांना वहबे ती मारायचा, दोन पिळे आणि वर एक आडवा. तशी गाठ गावात दुसऱ्या कुणाला येत नसे.

त्याने गाठोड्याला हात लावला. मग काढून घेतला. धुवायला काही उरलंच नव्हतं. तो ओट्याच्या कडेवर टेकला आणि उरलेली बाटली त्याने उघडली, पण प्यायला नाही.

तेव्हा त्याच्या कोपराला दोरी लागली.

दोरी पेट्यांचीच होती. एक टोक दाराच्या आतल्या कडीला बांधलेलं. तिथून ती भिंतीतल्या खिळ्यावरून वळून ओट्यापर्यंत आली होती, आणि दुसऱ्या टोकाला मूठ मावेल एवढा फास होता. सरकीसने ती पुढून मागे, मागून पुढे पाहिली. ओट्यावर पडल्या पडल्या दार लावून घ्यायची सोय होती ती, ना खांदे लागणार ना पिकअप. मग बूट काढले. का काढले ते त्याला सांगता आलं नसतं, पण तपकिरी कांबळ्यावर मळ दिसला नसता तरी ते आईचं होतं. तो ओट्यावर आडवा झाला, डोकं उशीवर ठेवलं आणि फासात हात घालून ओढलं. दार वीतभर हललं, कण्हलं आणि अडलं. त्याने जोर लावला. आणखी वीतभर. तो चौतीस वर्षांचा होता. याहून पुढे त्यालाही ते सरकेना.

आडवं पडल्यावर छतावर कोळशाने काढलेला छोटा क्रूस दिसत होता. उभ्या माणसाला तो दिसला नसता.

बाहेर वहबे खोकला.

सरकीसने बूट घातले. उरलेला अरक ओट्याच्या पायथ्याशी ओतला. नेलेलं पांढरं कापड खिशात कोंबलं, दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं. उन्हात आल्यावर त्याने डावा खांदा चोळला.

"झालं?" वहबेने विचारलं.

"झालं."

"जड होती?"

"नाही."

"हलकीच होती ती," वहबे म्हणाला आणि काठी टेकून उठला. चढावर सरकीसने हात पुढे केला. वहबेने तो घेतला नाही, किल्ली तेवढी घेतली.

*

बुधवारी संध्याकाळी वहबे अबूनांकडे पत्ते खेळायला गेला. सरकीसची बॅग भरून झाली होती. तो घरभर फिरला, बसला, पुन्हा उठला. दाराशी ठेवलेली बॅग त्याने उघडून आतलं सामान काढलं आणि तसंच परत भरलं. मग खिळ्यावरची किल्ली काढली. फडताळातून ऑलिव्हच्या तेलाची बाटली घेतली. हिवाळाभर पुरवायची होती ती.

उजेड होता तोवर तो खाली पोचला. वरच्या बिजागरीत तेल ओतलं, मग खालच्या. गंज काळा होऊन बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला. त्याने दार पुढे लोटलं, मागे ओढलं, पुन्हा तेल, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. किंचाळणं कमी होत होत कुरकुरीवर आलं, कुरकुर थांबली, आणि मग नुसता लोखंडाचा श्वास ऐकू यायला लागला. शेवटी त्याने एका बोटाने ढकललं. दार गेलं.

तो आत गेला, आडवा झाला, दोरी ओढली. दार सावकाश येऊन चौकटीला टेकलं. काळोख झाला. पायाकडे कोनाड्यात सगळे होते. सरकीस थोडा वेळ तिथे पडून राहिला. मग उठला, कांबळ्याची चौघडी होती तशी घातली आणि बाहेर येऊन कुलूप लावलं. थोडा वर आल्यावर थांबला, परत खाली गेला आणि उरलेलं थोडं तेल कुलपातही सोडलं.

*

गुरुवारी सकाळी उम्म नस्री वाटेतल्या खाण्यासाठी गरम रोट्या घेऊन आली. वहबेने पानात रानओवा आणि तीळ मिसळलेला झातर काढला, तेलाची बाटली उलटी केली आणि वाट पाहिली. दोन थेंब आले.

"तेल कुणी संपवलं?"

सरकीस खाली वाकून बॅगेची चेन लावत होता.

"उम्म नस्रीने," तो म्हणाला.

"मी?" बाईच्या हातातल्या रोट्या पडता पडता राहिल्या. "तुमच्या तेलाला विचारतं कोण? वास मारतो त्याला! बाप तसा पोरगा! आधी कांबळं, मग उशी, आता तेल! उद्या म्हणाल, हिने घराचं छप्पर नेलं!"

वहबेने बाटली उजेडात धरून पाहिली. मग मुलाच्या हातांकडे पाहिलं. नखांत काळं होतं, मनगटाच्या सुरकुत्यांतही.

"अक्रोड सोललेस वाटतं," तो म्हणाला.

"हो."

"महिनाभर जात नाही तो डाग."

"अबूना म्हणाले."

वहबेने बाटली खाली ठेवली. तिचं बूच शोधलं, ते नीट बसवलं, आणि रिकामी बाटली फडताळात जागच्या जागी उभी केली. खाली रस्त्यावर टॅक्सीने भोंगा वाजवला. सरकीसने बॅग उचलून डाव्या खांद्याला अडकवली, चेहरा वेडावाकडा केला आणि ती उजव्या खांद्यावर घेतली. वहबे ते पाहत होता. आपल्या डाव्या खांद्यावर हात ठेवून पाहत होता.

"आणि कांबळ्याचं काय?" उम्म नस्री कमरेवर हात ठेवून दारातच उभी होती. "गावभर चोर ठरवलंत मला. त्याचं कोण बोलणार?"

"सापडलं ते," वहबे म्हणाला. "पोराला सापडलं."

"कुठे होतं?"

वहबेने कोरड्या झातरमध्ये रोटीचा तुकडा बुडवला आणि चावायला लागला. भोंगा दुसऱ्यांदा वाजला.

"होतं तिथेच," सरकीस म्हणाला आणि पायऱ्या उतरायला लागला.